अर्धं तळं

तीनशे डॉलर आणि दोन गाड्या सरपण,
एवढ्यावर सौदा झाला.
लॉर्ननं विचारलं, पावती लागेल का?
म्हटलं, माझ्या तोंडातली कवळी तू केलीस,
वीस वर्षांत तिनं कधी दगा दिला नाही.
पावती कसली.

बुलडोझर खालच्या अंगाला होता,
मर्डकनं सोडला तिथंच:
पातं चिखलात, सीटच्या गादीत उंदरांच्या पिढ्या,
आणि डाव्या साखळपट्ट्यातून उगवलेला बर्च
माझ्या माडीच्या खिडकीपर्यंत आलेला.
मर्डक तळं खणत होता, ट्राउट पाळायला.
एका शनिवारी इंजिन अडकलं.
सोमवारी म्हणाला, बघू.
ते 'बघू' सदतीस वर्षं टिकलं,
खुद्द मर्डकपेक्षा चार वर्षं जास्त.

लॉर्न पहिल्या दिवशी नुसता भोवती फिरला,
इकडंतिकडं हातोडीची टिचकी मारत, कान लावून.
मग बर्च तोडला.
(सरपणाची पहिली गाडी त्याचीच निघाली,
म्हणजे माझं झाड मलाच विकलं. असो.)

केप ब्रेटनचा हिवाळा लांब असतो,
आणि निवृत्त माणसाचा त्याहून लांब.
पिस्टन गंजून सिलिंडरला मिठी मारून बसलेले.
त्यानं वरून डिझेल ओतलं
आणि वाट बघितली.
रोज जेवण झालं की शेडमध्ये जायचा,
मोठ्या पान्यावर सगळं अंग टाकायचा,
परत यायचा.
बावन्नाव्या रात्री साडेअकराला माझा फोन वाजला.
"हललं," तो म्हणाला.
मी म्हटलं, "कोण गेलं?"

फ्लायव्हीलचे तीन दात तुटलेले होते.
नवं चक्र कुठं मिळेना,
मिळालं ते ओहायोत, आणि किंमत ऐकून त्यानं फोन ठेवला.
मग कपाटातलं गुलाबी मेण काढलं,
ज्यावर कधीकाळी आमच्या सगळ्या गावाच्या हिरड्या उमटल्या होत्या.
नमुना घेतला. वेल्डिंगनं लोखंड चढवलं.
आणि कानसत बसला, आठ दिवस,
शेजारच्या दातांना विचारत विचारत.
"चावताना आवाज येता कामा नये," म्हणाला.
मलाही हेच म्हणाला होता,
आरसा हातात देताना.

मे महिन्यात पिवळा रंग दिला, ब्रशनं,
ओघळ तसेच ठेवून.
त्या यंत्राच्या पोटात म्हणे दोन इंजिनं.
धाकटं पेट्रोलचं. आधी त्याला उठवायचं,
मग तेच थोरल्याला हाका मारतं.
धाकटं शिंकलं, रुसलं,
चौथ्या ओढीला लागलं बडबडायला.
थोरलं किती तरी वेळ ऐकून न ऐकल्यासारखं.
मग काळा धूर, मग राखाडी,
मग धूरच नाही,
नळीवरचं झाकण तेवढं टकटक टकटक.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला,
तासाला दोन मैल,
पुढं त्याची मेहुणी रोना, हातात लाल रुमाल घेऊन,
जणू मागून राजाची स्वारी.
वरूनच ओरडला, "तळं पुरं करून देऊ? फुकट!"

मी खाली बघितलं.
अर्ध्या खड्ड्यात अर्धं पाणी, कडेला लव्हाळं.
नखाएवढे बेडूक दर मे महिन्यात तिथं इतके ओरडतात
की झोप लागत नाही.
मर्डक त्यांना शिव्या घालायचा,
खिडकी मात्र कधी लावली नाही त्यानं.

"राहू दे," म्हटलं. "मला वर घे."

लोखंडी पायरी गुडघ्याला उंच होती, रोनानं मागून ढकललं.
लॉर्ननं दाखवला तो दांडा मी ओढला,
आणि सगळा डोंगर हातभर मागं सरकला.
माझे दात वाजले.
त्याचे तीन नाही वाजले.

मग त्यानं इंजिन बंद केलं.
कानात थोडा वेळ नुसती गुणगुण.
लव्हाळ्यातून आधी एक धाकटा बोलला.
थोरले काही घाईत नव्हते.